मुठीतलं दही

विमानतळावर नोकरी केली म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मग फुकट किती फिरलात?" आता काय सांगायचं! तीसेक वर्षं मी विमानांच्या इतकी जवळ राहिले की सुट्टीच्या दिवशीही कानात घरघर चालू असायची. पण माझं काम विमान जमिनीवर असेपर्यंतच. दार बंद झालं की मी मागे फिरायचे. माझी तिथली ओळखही साधीच होती, 'खुर्चीवाली मॅडम'. चालता न येणारे, दिसत नसलेले, आजारी, म्हातारे, एकटे, घाबरलेले, असे जे कोणी प्रवासी असतील त्यांना गाडीतून उतरल्यापासून आसनावर बसेपर्यंत सांभाळणारं आमचं टेबल होतं.

त्या टेबलावर माणसं फार बघितली. पायांत अजिबात जोर नाही म्हणून चाकांची खुर्ची मागणारे एक काका होते. आमच्या टेबलावरच्या मुलाने त्यांना सगळ्या रांगा चुकवून आत नेलं, आणि वाटेत चहाचं दुकान दिसल्याबरोबर काका खुर्चीतून उठून त्याच्या आधी काउंटरला पोचले. मी हटकलं तर म्हणाले, "मॅडम, चहासाठी पाय चालतात." एक बाई अशा होत्या की शेजारच्या आसनावरच्या आजारी मुलाच्या यंत्राची घरघर सहन होत नाही, मला दुसरी जागा द्या, म्हणून अडून बसल्या. मी त्यांना शांतपणे खिडकीबाहेर पंखाखालचं इंजिन दाखवलं आणि म्हटलं, "ते बंद करायला सांगू का आधी?" तक्रार झाली माझी. व्हायचीच. माझा स्वभाव त्या टेबलाला फारसा शोभणारा नव्हता, हे वरिष्ठ मला दरवर्षी सांगायचे.

पण त्या टेबलावर मी एक गोष्ट शिकले आणि पुढे माझ्या हाताखालच्या सगळ्या पोरांना शिकवली. खुर्चीत मूल असेल तर आधी त्या मुलाशी बोलायचं. नियम होता, सोबतच्या मोठ्या माणसाला विचारा, 'यांना चालता येतं का?' समोर बसलेल्या मुलीबद्दल तिच्या डोक्यावरून विचारायचं, जणू ती सामानच आहे! मी खाली वाकून आधी नाव सांगायचे, हात दाखवायचे, मग खुर्चीला हात लावायचे. मूल उत्तर देत नसलं तरी. आईचा चेहरा तेवढ्यानेच अर्धा सैल व्हायचा. दिवसभर 'अरेरे', 'च्यक् च्यक्' ऐकून त्या आया विटलेल्या असतात.

निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटले. खाडीकाठच्या उमेळे गावात आमची इमारत आहे. जिथे इमारत आहे तिथे पूर्वी केळीची वाडी होती, आणि कुंपणापलीकडे अजूनही थोडी शिल्लक आहे. ती नानांची. नाना म्हणजे खाडीकाठी भात आणि इथे केळी पिकवलेला जुना उमेळेकर. आमच्या बिल्डरला त्यांनी एक तुकडा दिला आणि उरलेला कधीच दिला नाही. वाडीच्या टोकाला त्यांचं घर. घरात ते, सून दीपाली आणि नात मनवा. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा समीर बेंगळुरूला कारखान्यात नोकरीला.

मनवा तेव्हा आठ वर्षांची होती. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला, त्याचं सगळं पुढचं रामायण. मान धरत नाही, बोलत नाही, अधूनमधून फिट येते. गिळताना घास श्वासनलिकेत जातो, म्हणून पोटाला बारीक नळी बसवलेली आणि जेवण त्या नळीतून. झोपेत ऑक्सिजन लागतो. दोन्ही हातांच्या मुठी कायम आवळलेल्या. पण पोरगी हसायची छान. तिला वारा आवडायचा. रोज उन्हं कलली की नाना तिची खुर्ची ढकलत खाडीच्या बांधावर घेऊन जायचे, आणि खारा वारा तोंडावर आला की ती मान जमेल तेवढी वर करून खिदळायची. नाना तिच्याशी अखंड बोलायचे. ओहोटी कधी, बगळे किती, कोणाच्या शेतात पानी शिरलं, सगळं. मी एकदा त्यांना म्हटलं, "नाना, तुम्ही आमच्या टेबलावर नोकरीला हवे होतात." ते म्हणाले, "कसली नोकरी ताय, ती आयकते म्हनून बोलतो."

समीरने दोन घरं किती दिवस चालवायची म्हणून तिकडेच घर घेतलं. तळमजला, रुंद दारं, जवळ अशा मुलांची शाळा. आता दीपाली आणि मनवाने कायमचं तिकडे जायचं ठरलं. नानांनी वाडी सोडणार नाही म्हणून सांगितलं, आणि त्यावर कोणी वाद घातला नाही. प्रश्न होता मनवाला न्यायचं कसं. रेल्वेने दिवस-रात्रीचा प्रवास, डब्यातल्या विजेचा भरवसा नाही, आणि तिची यंत्रं विजेवर. विमानच हवं. दीपाली माझ्याकडे आली ती डोळ्यांत पाणी घेऊनच. कोणीतरी तिला सांगितलं होतं की अशा मुलांना विमानात घेतच नाहीत.

"घेतात," मी म्हटलं. "न घेऊन सांगतात कोणाला?" खूप दिवसांनी अंगात आलं माझ्या.

बाहेरच्या माणसाला वाटतं, तिकीट काढलं की झालं. तसं नसतं. विमानाच्या आत हवा कोंडलेली असते खरी, पण ती महाबळेश्वरापेक्षा उंच डोंगरावर असावी तितकी विरळ असते. तुम्हा-आम्हाला कळतही नाही. मनवासारखीला लगेच कळतं. म्हणून डॉक्टरांनी आधी तपासून 'प्रवासाला हरकत नाही' असं लिहून द्यावं लागतं, आणि किती ऑक्सिजन लागेल तेही. स्वतःचा सिलिंडर आत चालत नाही. हवेतून ऑक्सिजन काढणारं छोटं यंत्र चालतं, तेही कंपनीने आधी मान्य केलेलं. उड्डाण जितकं लांब त्याच्या दीडपट तरी बॅटऱ्या हव्यात, कारण विमान सुटायला उशीर झाला तर यंत्र वाट बघत नाही. आणि औषधं, नळ्या, घशातला कफ ओढायचं यंत्र, सगळं हातातल्या बॅगेत. खाली टाकलेली बॅग दुसऱ्याच गावाला गेलेली मी इतक्यांदा पाहिली आहे की माझी साडीसुद्धा मी खाली टाकत नाही.

एवढं झालं तरी मनवाला विमान म्हणजे काय हे माहीत नव्हतं. म्हणून आम्ही नानांच्या अंगणात तालीम केली. प्लास्टिकच्या खुर्च्या दोन-दोनच्या ओळीत मांडल्या, मधे वाट सोडली. दीपालीने मनवाला उचलून अरुंद जागेतून आसनावर बसवायचा सराव केला, पट्टा कुठून घ्यायचा ते पाहिलं. इंजिनाच्या आवाजासाठी मी मिक्सर आणला. पहिल्यांदा लावला तेव्हा मनवाने जो टाहो फोडला, त्याने वाडीतले पक्षी उडाले. दुसऱ्या दिवशी लांबून लावला, मग जवळ. शेवटी ती मिक्सर चालू असताना झोपू लागली. डोक्यावरच्या हवेच्या झोतासाठी टेबलफॅन होता आणि तिथे मात्र ती खूश. नानांनी टोपी घालून वैमानिकाचं काम पत्करलं होतं. "आता आपला इमान पान्यावरून चाललाय. पट्टे बांदा. बाय, बेंगलोर आला!" मी आयुष्यात इतकी चांगली सूचना विमानात ऐकली नाही.

सगळ्याची तालीम झाली. घरातून निघायची मात्र झाली नाही. ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

जायच्या दिवशी सकाळी गाडी दारात उभी होती. विमान दुपारचं, पण महामार्गाचं काही सांगता येत नाही म्हणून भरपूर वेळ हाताशी ठेवला होता. मी सोबत जाणार होते, विमानतळाच्या दारापर्यंत. माझी जुनी सहकारी आत वाट बघत होती. मनवा नवीन फ्रॉक घालून खुर्चीत बसलेली. दीपाली आत शेवटची बॅग बंद करत होती. नाना वाटी घेऊन बाहेर आले. गावाला निघालेल्याच्या हातावर दही ठेवायचं, ते त्याने चाटायचं आणि निघायचं, ही आपल्याकडची रीत. नानांनी माझ्या हातावर दही घातलं, ड्रायव्हरच्या घातलं. मी हात धुवायला नळाकडे वळले.

मागून खोकल्याचा आवाज आला. तो आवाज मी ओळखते. साधा खोकला नव्हता तो. वळून पाहिलं तर मनवाच्या ओठांवर पांढरं लागलेलं होतं आणि चेहरा काळानिळा पडत चालला होता.

दीपाली धावत आली. तिला काही विचारावं लागलं नाही. तिने मनवाला कुशीवर घेतलं, मी कफ ओढायचं यंत्र काढलं, तिने नळी घातली. बोटाला लावायच्या छोट्या यंत्रावरचा आकडा घसरत गेला, थांबला, मग हळूहळू वर यायला लागला. मनवा रडली तेव्हा मी श्वास सोडला. रडणं म्हणजे हवा जातेय. नाना वाटी हातात धरून तसेच उभे होते.

"तुम्हाला कितीदा सांगितलंय नाना, तोंडात काही घालायचं नाही म्हणून! कितीदा!" दीपाली ओरडली.

मनवा शांत झाल्यावर दीपालीने तिचं तोंड पुसलं, फ्रॉक बदलला आणि म्हणाली, "काकू, चला. आकडा नीट आलाय. बघा ना, आता ठीक आहे ती."

समीरने रजा घेतली होती. पलंग मांडून ठेवला होता, भिंतीला मनवाच्या आवडीचा पंखा लावल्याचा फोटो पाठवला होता. आणि मी, जिने उभी हयात अशा मुलांना विमानात चढवण्यासाठी भांडण्यात घालवली, तिलाच आता 'नको' म्हणायचं होतं. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

"दीपाली," मी म्हटलं, "थोडं जरी दही छातीत गेलं असेल तर त्रास आत्ता नाही, दोन-चार तासांनी सुरू होईल. तेव्हा तुम्ही वर असाल. वर दवाखाना नाही गं."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिची शत्रू आहे. मग खाली बसली आणि मनवाच्या मांडीवर डोकं टेकून रडली. जवळच्या डॉक्टरांनी तपासून माझंच म्हणणं सांगितलं. संध्याकाळी मनवाला ताप भरला.

पुढचे दिवस कठीण गेले. ताप उतरला, औषधं संपली, छाती मोकळी झाली, डॉक्टरांनी पुन्हा हरकत नाही म्हणून लिहून दिलं. तिकीट नवीन निघालं. पण नाना मनवाच्या खोलीत पाऊल टाकेनात. संध्याकाळी बांधावर जाणं बंद. मनवा त्या वेळेला दाराकडे तोंड करून आवाज काढायची आणि नाना वाडीत शिरून केळीची सुकलेली पानं छाटत बसायचे. छाटायची उरली नसली तरी.

मी एकदा कुंपणाच्या फटीतून तिकडे गेले. म्हटलं, "नाना, बस झालं आता. ती वाट बघते."

"मी नाय येत," ते म्हणाले. कोयता खाली ठेवला. "ताय, मना काय ठाव नाय का, तिला तोंडान देयाचा नाय? सगला ठाव हाय. आठ वर्सा पाहतोय. पन सगल्यांच्या हातावर दही दिला. ड्रायव्हरच्या दिला, तो तर संध्याकाळी परत येनारा. तिच्या कुठं देऊ? मूठ उगडत नाय तिची. आन् तिला एकटीला दह्याबिगर कशी धाडू? ती परत याला नको?" मग थांबून म्हणाले, "बोटाच्या टोकाला लावला फक्त. जिबंला लावला. येवडासाच."

टेबलावर असते तर काहीतरी बोलले असते. तिथे गप्प राहणं परवडत नाही. इथे मी केळीच्या खुंटाला टेकून उभी राहिले. परतताना दीपालीला नाना जे बोलले ते जसंच्या तसं सांगितलं. ती कपडे घड्या घालत होती. तिने हातातला फ्रॉक तसाच धरून ठेवला.

"मला वाटलं, विसरले," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांना फरकच पडत नाही."

दुसऱ्यांदा निघायची सकाळ आली. गाडी तीच, ड्रायव्हरही तोच. मनवा खुर्चीत, बॅगा आत, यंत्र चालू. नाना अंगणात नव्हते. मागच्या पडवीत पाठ करून बसलेले दिसले मला. मी बोलवायला निघाले तर दीपालीने मला हाताने थांबवलं. स्वयंपाकघरातून वाटी घेऊन ती स्वतः पडवीच्या दारात गेली.

"नाना, दही राहिलंय."

"नको, बाय. मी हात नाय लावनार आता."

"मग आम्ही निघायचं कसं?" ती म्हणाली. "या इकडे. मी दाखवते."

ते आले. सुनेसमोर मान वर न करता आले. दीपाली मनवाच्या खुर्चीशी बसली, तिचा उजवा हात आपल्या हातात घेतला आणि मनगट अगदी सावकाश खाली वाकवलं. मनवाची बोटं आपोआप सैल झाली, एकेक करून उलगडली. दीपाली रोज अशीच तिचा तळवा धुवायची. ताणलेली शीर सैल पडते आणि मूठ उघडते, यात चमत्कार काही नाही. पण नानांनी आठ वर्षांत नातीचा तळवा असा उघडा पाहिला नव्हता. गुलाबी, मऊ, कधी कशाला न लागलेला तळवा. ते बघतच राहिले.

"ठेवा," दीपाली म्हणाली. "चाटायचं नाही. गाडीत पुसून टाकेन मी."

नानांनी बोटाने थोडं दही घेतलं आणि तळव्याच्या मधोमध ठेवलं. थंड लागलं असणार. मनवा दचकली, मनगट सुटलं आणि मूठ पुन्हा मिटली. नानांच्या बोटासकट. त्यांनी बोट काढून घेतलं नाही. ड्रायव्हरने हॉर्न वाजवायला हात नेला, मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो हात तिथेच राहिला.

नाना या वेळी विमानतळापर्यंत आले. पुढच्या सीटवर, टोपी घालून. खाडीवरचा पूल आला तेव्हा त्यांनी काच खाली केली आणि मागे वळून म्हणाले, "बाय, वारा घे." दाराशी माझी जुनी सहकारी उभी होती. ती मनवासमोर वाकली, आधी नाव सांगितलं, हात दाखवले, मग खुर्चीला हात लावला. आजवर काचेच्या आतून मी लोकांना बाहेर हात हलवताना पाहिलं होतं. आता माझ्याकडे आत जायचा पास नव्हता, आणि नाना शेजारी उभे राहून हात हलवत होते. खुर्ची गर्दीत दिसेनाशी झाली तरी हलवत होते.

संध्याकाळी आम्ही दोघं नानांच्या अंगणात फोन मधे ठेवून बसलो. प्लास्टिकच्या खुर्च्या अजून दोन-दोनच्या ओळीत होत्या. फोन आला तो समीरचा. पोचल्या. ऑक्सिजन नीट चालला. विमान उठताना मनवा रडली नाही, मिक्सरची कृपा. डोक्यावरचा हवेचा झोत तोंडावर आला तेव्हा तिने मान वर केली आणि इतकी खिदळली की मागच्या ओळीतली माणसं वाकून बघायला लागली. दीपाली मागून ओरडून सांगत होती, तपासणीच्या जागी वर्दीतल्या बाईंनी मूठ उघडायला लावली, पांढरं बघून 'ये क्या है' म्हणाल्या. 'दही' म्हटल्यावर हसल्या. 'हमारे गाँव में भी देते हैं' म्हणाल्या आणि त्यांनीच मूठ हळूच मिटून दिली.

"म्हणजे तू गाडीत पुसलंच नाहीस?" मी विचारलं.

"नाही पुसलं, काकू," ती म्हणाली.

मग समीर म्हणाला, "नाना, आता मी हात धुतो हिचा. सगळं वाळून चिकटलंय. वासही येतोय."

नाना फोनकडे वाकले. "आजची रात ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "उद्या धुव."

मी स्वच्छतेसाठी अख्खा विमानतळ डोक्यावर घेणारी बाई. नळी असलेल्या मुलाचे हात साबणाने धुवा, हे मी किती आयांना बजावलं असेल. समीर माझ्या उत्तराची वाट बघत असावा. पलीकडून पंख्याचा आवाज येत होता. मी काहीच बोलले नाही.